विमान कारखान्यातील सुरक्षितता : यंत्राइतकीच माणसाचीही नोंद हवी

बंगळुरूच्या पूर्व भागातील इंदिरानगर वसाहतीच्या कडेने जुना मद्रास रस्ता आणि जुना विमानतळ रस्ता यांना जोडणारा एक मार्ग जातो. त्याचे नाव सुरंजन दास मार्ग. ग्रुप कॅप्टन सुरंजन दास हे चाचणी वैमानिक होते. भारतात आरेखन व निर्मिती झालेल्या ‘एचएफ-२४ मरुत’ या लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी त्यांनीच केले. पुढे १० जानेवारी १९७० रोजी याच विमानाच्या सुधारित नमुन्याची चाचणी सुरू असताना, उड्डाणाच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

कामावर असताना आलेल्या मृत्यूची अशी सार्वजनिक स्मृती क्वचितच राहते. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाची हानी बहुधा एका क्षणात होत नाही. ती कानाच्या, फुप्फुसाच्या किंवा त्वचेच्या मार्गाने वर्षानुवर्षे होत राहते आणि अनेकदा निवृत्तीनंतर उघड होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २९ लाख ३० हजार व्यक्ती कामाशी संबंधित कारणांनी मृत्युमुखी पडतात. त्यांपैकी अपघातांचे बळी सुमारे ३ लाख ३० हजार असून उर्वरित सुमारे २६ लाख मृत्यू कामामुळे जडलेल्या आजारांचे आहेत.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून ‘व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामकाजाची स्थिती संहिता, २०२०’ अमलात आली. १९४८ च्या कारखाना अधिनियमासह १३ कायद्यांची जागा या संहितेने घेतली आहे. या पार्श्वभूमीवर मोठ्या कारखान्यातील सुरक्षितता म्हणजे नेमके काय, धोके कोणते, कायदा कोणाला संरक्षण देतो आणि कोण त्याच्या कडेला राहतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी विमान कारखान्याचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

कारखान्याभोवती वाढलेली वसाहत

सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने आणि तत्कालीन म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड’ या कंपनीची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, भारत सरकारने तिचा कारभार आपल्या हाती घेतला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी झालेल्या विलीनीकरणानंतर ही कंपनी ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड’, म्हणजेच ‘एचएएल’, या नावाने ओळखली जाऊ लागली.

कारखान्यामुळे शहराचा हा भाग वाढला. विमानपुरा ही वस्ती तर विमानाच्याच नावाने वसली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेल्या इंदिरानगरचा एक भाग आजही ‘एचएएल दुसरा टप्पा’ या नावाने ओळखला जातो. शंभर फुटी रस्त्यावरील उपाहारगृहांसाठी आणि दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या या वसाहतीच्या नावातच तिचे कारखान्याशी असलेले नाते टिकून आहे.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. नाशिकजवळ ओझर येथे एचएएलचा मोठा कारखाना आहे. तेथे पूर्वी मिग आणि नंतर सुखोई विमाने तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-१ए’ विमानाचे उड्डाण झाले. विमाननिर्मितीची मागणी जसजशी वाढत आहे, तसतशी या उद्योगात व त्याच्या पुरवठादारांकडे काम करणाऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्नही महत्त्वाचा होत आहे. पुढे वर्णन केलेले धोके एखाद्या विशिष्ट कारखान्यापुरते मर्यादित नाहीत. धातूचे विमान जेथे जेथे बांधले किंवा दुरुस्त केले जाते, तेथे ते उद्भवतात.

विमानाची शिस्त

विमान उद्योगाइतकी काटेकोर नोंद ठेवणारे उद्योग थोडेच आहेत. विमानाच्या महत्त्वाच्या सुट्या भागाला स्वतंत्र क्रमांक असतो. तो भाग कोणत्या धातूच्या कोणत्या खेपेपासून तयार झाला, त्यावर कोणती प्रक्रिया झाली, तपासणी कोणी केली, तो किती तास वापरला गेला आणि केव्हा बदलायचा, याची माहिती कागदावर किंवा संगणकावर उपलब्ध असते.

हत्यारांबाबतही हीच पद्धत आहे. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याच्या आणि पेचकसाच्या आकाराची खाच किंवा आकृती असते. पाळी संपताना एखादी खाच रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान पुढे सोडले जात नाही. विमानात राहून गेलेला एखादा पाना किंवा स्क्रू नियंत्रण यंत्रणेत अडकू शकतो, इंजिनात ओढला जाऊ शकतो. त्यातून अनेकांचे प्राण धोक्यात येतात.

ही शिस्त विमानाच्या आणि त्यात बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे. ती योग्यच आहे. प्रश्न असा की, ज्याच्या हातात तो पाना असतो, त्या कामगाराच्या शरीराबाबत तेवढीच काटेकोर नोंद ठेवली जाते का? कारखान्यातील सुरक्षिततेचा खरा कस येथे लागतो.

पहिला धोका : आवाज

विमानाचा सांगाडा आणि त्यावरील ॲल्युमिनियमचे पत्रे हजारो रिव्हेटांनी जोडलेले असतात. हाताने केल्या जाणाऱ्या रिव्हेटिंगमध्ये दोन कामगार लागतात. एक जण हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने रिव्हेट ठोकतो आणि दुसरा पत्र्याच्या पलीकडून जड धातूचा ठोकळा धरून आधार देतो. या कामाचा आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. शिवाय बंदूक आणि ठोकळा यांच्या कंपनांमुळे बोटांतील रक्तप्रवाहावर व मज्जातंतूंवर परिणाम होतो. थंडीत बोटे पांढरी पडणे व बधिर होणे ही त्याची लक्षणे आहेत.

भारतातील कारखाना नियमांनुसार आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरली गेली आहे. आवाज पाच डेसिबलने वाढला की अनुज्ञेय वेळ निम्म्यावर येते. म्हणजे ९५ डेसिबलला चार तास आणि १०० डेसिबलला दोन तास. युरोपमध्ये ८५ डेसिबलपासूनच मालकाला उपाययोजना करावी लागते. डेसिबल हे साधे बेरजेचे माप नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. तीन डेसिबलची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट होणे. त्यामुळे ८५ आणि ९० यांतील फरक कागदावर लहान दिसला, तरी कानासाठी तो मोठा असतो.

आवाजामुळे येणारा बहिरेपणा प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे उंच पट्टीच्या स्वरांवर परिणाम करतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने अस्पष्ट होतात. समोरचा माणूस बोलत आहे हे ऐकू येते, पण तो काय म्हणत आहे हे नीट कळत नाही. घरात दूरचित्रवाणीचा आवाज वाढत जातो, संभाषण कमी होत जाते आणि कुटुंबाला तो स्वभावातील बदल वाटतो. अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या केसपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत, म्हणून ही हानी भरून येत नाही.

हा आजार कायद्याने अधिसूचित, म्हणजे कळविणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे. तथापि, तो ओळखण्यासाठी कामावर रुजू होतानाची श्रवणचाचणी हाती असावी लागते. ती नसेल तर बहिरेपणा कारखान्यात आला की वयोमानाने, हा वाद कामगाराच्या विरोधात जाण्याची शक्यता अधिक असते.

दुसरा धोका : पिवळा रंग

ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून त्यावर रासायनिक प्रक्रिया केली जाते. क्रोमिक आम्लाच्या टाकीत पत्रे बुडवून केले जाणारे ॲनोडायझिंग आणि त्यानंतर दिला जाणारा स्ट्राँशियम क्रोमेटचा पिवळसर-हिरवट प्रायमर या विमान उद्योगातील जुन्या व खात्रीच्या पद्धती आहेत. दोन्हींमध्ये षट्संयुजी क्रोमियम असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये या क्रोमियमची गणना मानवात कर्करोग घडवून आणणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केली. फुप्फुसाचा कर्करोग, त्वचेवरील बऱ्या न होणाऱ्या जखमा आणि नाकाच्या पडद्याला छिद्र पडणे हे त्याचे ज्ञात परिणाम आहेत.

नवीन विमानाला रंग देताना फवाऱ्याचे बारीक थेंब आणि जुन्या विमानाची दुरुस्ती करताना घासलेल्या रंगाची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. ही धूळ कपड्यांवर बसते. कामाचे कपडे घरी धुतले जात असतील, तर धोका कारखान्याच्या फाटकाबाहेर पडून घरातील माणसांपर्यंत पोहोचतो. म्हणून कामाचे कपडे कारखान्यातच बदलण्याची व धुण्याची सोय ही केवळ सुविधा नाही, तर सुरक्षिततेचाच भाग आहे.

तिसरा धोका : पंखातील टाकी

अनेक विमानांत इंधन पंखांच्या पोकळीत साठविले जाते. तेथील सांधे बुजविण्यासाठी किंवा गळती शोधण्यासाठी कामगाराला लहानशा झाकणातून आत शिरावे लागते. आत इंधनाची आणि विद्रावकांची वाफ असते, हवा खेळती नसते आणि बाहेर पडण्याचा मार्ग एकच असतो. अशा बंदिस्त जागेत प्राणवायूचे प्रमाण कमी झाल्यास माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी विनासाधन आत उतरणारा सहकारीही बळी पडतो. गटारे, टाक्या आणि विहिरी यांतील दुर्घटनांच्या बातम्यांत हाच क्रम वारंवार आढळतो.

यासाठी आत जाण्यापूर्वी हवेची चाचणी, सक्षम व्यक्तीचा लेखी परवाना, सतत वायुवीजन, झाकणापाशी पूर्णवेळ उभा असलेला सहकारी आणि बाहेरूनच ओढून काढता येईल अशी व्यवस्था आवश्यक मानली जाते. १९४८ च्या अधिनियमातील कलम ३६ मध्येही बंदिस्त जागांसाठी याच स्वरूपाची तरतूद होती.

ऑस्ट्रेलियाचा धडा

इंधनटाकीतील कामाचे दूरगामी परिणाम ऑस्ट्रेलियात उघड झाले. क्वीन्सलँडमधील ॲम्बर्ली हवाई तळावर १९७० च्या दशकापासून एफ-१११ या लढाऊ विमानांच्या टाक्यांची दुरुस्ती सुरू होती. जुने सांधे रसायनांनी विरघळवून काढणे आणि नवे भरणे असे या कामाचे स्वरूप होते. या कामगारांमध्ये त्वचेचे विकार, डोकेदुखी, विस्मरण आणि नैराश्य अशा तक्रारी आढळत होत्या. अखेर जानेवारी २००० मध्ये हे काम थांबविण्यात आले. चौकशी मंडळाचा अहवाल २००१ मध्ये आला. शेकडो कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर परिणाम झाल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

या चौकशीतून पुढे आलेला निष्कर्ष जगभरच्या कारखान्यांसाठी महत्त्वाचा आहे. हवाई दलात उड्डाणाच्या सुरक्षिततेची संस्कृती अत्यंत प्रगत होती. पण त्याच संघटनेत जमिनीवर काम करणाऱ्यांच्या आरोग्याला तेवढे महत्त्व मिळाले नव्हते. विमान उपलब्ध असणे माणसापेक्षा वरचढ ठरले होते. पुढे २००५ मध्ये सरकारने सानुग्रह मदत जाहीर केली, तेव्हा कोणी किती दिवस त्या कामावर होते हा मुद्दा कळीचा ठरला. ज्या उद्योगात प्रत्येक सुट्या भागाचा इतिहास सांगता येतो, त्याच उद्योगात माणसाने टाकीत घालविलेले दिवस सिद्ध करण्याची वेळ आली.

उपायांचा क्रम

कारखान्यातील सुरक्षितता म्हटले की शिरस्त्राण, हातमोजे आणि कानातील बोळे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात औद्योगिक आरोग्यशास्त्रात या साधनांचे स्थान सर्वात शेवटचे आहे. उपायांचा मान्य क्रम पाच पायऱ्यांचा आहे.

पहिली पायरी म्हणजे धोका मुळातूनच काढून टाकणे. दुसरी, घातक पदार्थाऐवजी कमी घातक पदार्थ वापरणे. तिसरी, यंत्ररचनेत बदल करणे. चौथी, कामाच्या वेळा आणि पद्धती बदलणे. या चारही उपायांनंतर जो धोका उरतो, त्यासाठी वैयक्तिक संरक्षक साधने ही पाचवी पायरी.

विमान कारखान्यात हा क्रम स्पष्ट दिसतो. क्रोमिक आम्लाऐवजी टार्टारिक व सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात ॲनोडायझिंग करणे आणि क्रोमेटविरहित प्रायमर वापरणे ही दुसरी पायरी झाली. ठोके मारणाऱ्या बंदुकीऐवजी दाब देऊन रिव्हेट बसविणारे स्वयंचलित यंत्र, तसेच रंगकामासाठी हवा खेचून घेणारी बंद खोली ही तिसरी. कामगारांची आलटून पालटून नेमणूक करणे ही चौथी. कानातील बोळे पाचव्या पायरीवर येतात. ते नीट बसले नाहीत किंवा पाळीत अर्धा तास काढून ठेवले, तरी त्यांचा उपयोग मोठ्या प्रमाणात कमी होतो. त्यामुळे अपघातानंतर ‘कामगाराने साधन वापरले नव्हते’ एवढाच खुलासा पुरेसा ठरत नाही. आधीच्या चार पायऱ्यांवर काय केले होते, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

चाळीस वर्षांची नोंद

भारतात कामगारांच्या आरोग्यनोंदीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला तो ॲस्बेस्टॉसच्या निमित्ताने. अहमदाबाद येथील ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल देताना न्यायालयाने कामगाराचा आरोग्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद, नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो कालावधी नंतर संपेल तोपर्यंत जतन करावी, असा आदेशही न्यायालयाने दिला.

या कालावधीमागे वैद्यकीय कारण आहे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारे आजार दिसून येण्यास २० ते ४० वर्षे लागू शकतात. क्रोमियममुळे होणारा कर्करोगही दीर्घकाळाने प्रकट होतो. तोपर्यंत कामगार निवृत्त झालेला असतो, कंत्राटदार बदललेला असतो, कधी कारखानाही बंद झालेला असतो. अशा वेळी आजाराचा कामाशी असलेला संबंध दाखविणारा एकमेव साक्षीदार म्हणजे जुनी नोंद. भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजाराला अपघाताने झालेल्या इजेसमान मानले जाते. परंतु तो आजार व्यवसायजन्य आहे हे आधी दिसून यावे लागते.

नव्या संहितेत काय आहे

भोपाळमधील २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले होते. नव्या संहितेने त्यातील बऱ्याच तरतुदी पुढे चालू ठेवल्या आहेत आणि काही बदल केले आहेत. मोठ्या कारखान्यातील कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाच्या तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

इजा किंवा व्यवसायजन्य आजार घडवू शकणाऱ्या धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ठरविलेल्या वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची वार्षिक आरोग्यतपासणी विनामूल्य करावी लागते. केंद्र सरकारने संहिता लागू करताना ४० वर्षांवरील कामगारांच्या अशा तपासणीचा उल्लेख केला आहे. सुरक्षितता व आरोग्य यांसाठी केलेल्या कोणत्याही व्यवस्थेचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे आवश्यक आहे.

कारखान्यात ५०० किंवा अधिक कामगार असल्यास सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. १९४८ च्या अधिनियमात सर्वसाधारण मर्यादा १,००० कामगारांची होती. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यासाठी ही मर्यादा २५० आहे. सरकारच्या आदेशाने स्थापन होणाऱ्या सुरक्षा समितीत कामगारांच्या प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नये.

आसन्न धोक्याची शंका आल्यास कामगार ती मालकाच्या निदर्शनास आणू शकतो आणि मालकाने तातडीने उपाय करणे अपेक्षित आहे. अधिसूचित आजार आढळल्यास तो कळविण्याची जबाबदारी मालकाप्रमाणेच उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आहे. कर्तव्यात कसूर केल्यामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडातील किमान निम्मी रक्कम पीडिताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

तपासणीच्या वयाविषयी एक बाब मात्र नजरेआड करता येत नाही. वयाच्या विसाव्या वर्षी रिव्हेटिंगच्या कामावर लागलेल्या तरुणाच्या कानाची पहिली तपासणी चाळिशीनंतर झाली, तर दोन दशकांचे नुकसान नोंदीबाहेर राहते. म्हणून आवाज आणि रसायने यांच्या संपर्कातील कामगारांची तपासणी रुजू होतानाच करणे हे चांगल्या कारखान्याचे लक्षण मानले जाते. धोकादायक प्रक्रियांबाबत तर कामावर घेण्यापूर्वीची व नंतरची नियतकालिक तपासणी कायद्यानेच आवश्यक आहे.

आकड्याची रेषा

कायद्याचे संरक्षण कोणाला मिळते, हे बहुधा कामगारांच्या संख्येवरून ठरते. या संख्येला मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात मुंबईच्या कापडगिरण्यांतून होते. गिरण्यांतील परिस्थितीची चौकशी करण्यासाठी १८७५ मध्ये मुंबईत आयोग नेमला गेला आणि १८८१ मध्ये देशातील पहिला कारखाना कायदा झाला. तो १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी सुधारणांची मागणी लावून धरली. १८९१ मध्ये ही संख्या ५० वर आली, १९२२ मध्ये २० वर आणि १९४८ मध्ये, वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी, १० वर आली.

नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या जागेसाठी ही संख्या पुन्हा २० आणि वीज न वापरणाऱ्या जागेसाठी ४० करण्यात आली आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीचे बंधन व मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये लागू आहेत. तसेच धोकादायक कामासाठी एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे. लहान उद्योगांवरील कागदपत्रांचा भार कमी व्हावा, अशी सरकारची भूमिका आहे. लहान कारखान्यांतील कामगार ‘कारखान्या’साठी असलेल्या तरतुदींबाहेर जातील, असा कामगार संघटनांचा आक्षेप आहे.

कंत्राटी कामगारांबाबतही अशीच रेषा आहे. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी आता ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथे लागू होतात. पूर्वी ही संख्या २० होती. मात्र कंत्राटी कामगारांसाठीच्या कल्याणकारी सुविधांची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याच्यावर, टाकण्यात आली आहे.

मोठ्या कंपनीच्या संदर्भात या रेषेचे महत्त्व अधिक आहे. आजचे विमान एका छताखाली पूर्ण होत नाही. त्याचे कंस, नळ्या, पत्रे आणि जोडणीचे भाग अनेक पुरवठादार बनवितात. बंगळुरूतील पीण्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी अशी लहान यंत्रशाळा असंख्य आहेत. मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी, रुग्णालय, प्रशिक्षण आणि समिती असते. तोच सुटा भाग १५ कामगारांच्या यंत्रशाळेत तयार होत असेल, तर यांपैकी एकही व्यवस्था तेथे नसू शकते. मोठा कारखाना त्या भागाची धातूची खेप आणि मोजमाप तपासून घेतो, कारण विमानाची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते. तो घडविणाऱ्या कामगाराच्या यंत्राला संरक्षक जाळी आहे का, हेही खरेदीच्या अटींत विचारता येते. अनेक देशांतील मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना अशा अटी घालू लागल्या आहेत.

दाद कोठे मागावी

कर्नाटकात कारखाने, बाष्पके, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य खाते आणि महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय या राज्य यंत्रणा कारखान्यांवर देखरेख ठेवतात. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था प्रशिक्षण आणि संशोधनाचे काम करते. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय नवी मुंबईत बेलापूर येथे आहे. तिचा स्थापना दिवस देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. बंगळुरूतही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे व्यावसायिक आरोग्यविषयक प्रादेशिक केंद्र आहे.

तक्रार किंवा भरपाईचा दावा करताना कामगाराकडे स्वतःची कागदपत्रे असणे उपयुक्त ठरते. नियुक्तिपत्र, कोणत्या विभागात कोणत्या कालावधीत काम केले याची नोंद, श्रवणचाचणी व छातीच्या तपासणीचे अहवाल आणि हाताळलेल्या रसायनांच्या सुरक्षा पत्रकांच्या प्रती जपून ठेवाव्यात. कंत्राटी कामगारांसाठी ही काळजी अधिक महत्त्वाची आहे, कारण कंत्राटदार बदलला की जुन्या नोंदी मिळविणे कठीण होते. डॉक्टरांकडे जाताना केवळ लक्षणे न सांगता आपण काय काम करतो आणि किती वर्षे करतो, हेही आवर्जून सांगावे. कामाची माहिती मिळाली नाही, तर व्यवसायजन्य आजार साधा खोकला किंवा वयोमानाचा बहिरेपणा म्हणून नोंदला जाण्याची शक्यता असते.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व निरोगी कार्यस्थळाचा समावेश कामगारांच्या मूलभूत हक्कांत केला. भारतातील नव्या संहितेचे यशापयश तिच्या अंमलबजावणीवर अवलंबून राहील. विमान उद्योगाने आपल्या प्रत्येक सुट्या भागाचा इतिहास जतन करण्याची पद्धत गेल्या अनेक दशकांत सिद्ध केली आहे. ही पद्धत कामगारांच्या आरोग्यासाठी, कंत्राटी कामगारांसह आणि लहान पुरवठादारांपर्यंत, वापरण्यात तांत्रिक अडचण नाही. तसा निर्णय घेणे व्यवस्थापनाच्या आणि शासनाच्या हाती आहे.